तीस पॉवरची भिंगं

लातूर-नांदेड पट्ट्यातल्या डोळ्यांच्या दवाखान्यांना मी 2006 पासून यंत्रं आणि भिंगं पुरवतो. धंद्यात उतरलो तेव्हाचा माझा हिशेब सोपा होता. देशात अंधत्वाचं सगळ्यात मोठं कारण मोतीबिंदू, म्हातारी माणसं वाढतायत, म्हणजे माल खपणारच. रुग्ण मोजले की बाजार मोजला, असं मला वाटे. या हिशेबापायी गेलेल्या पैशांत बायकोच्या नावावरची ठेवही होती.

सुरुवात भिंगांपासून झाली. मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात बसवायचं भिंग पॉवरनुसार निवडावं लागतं. मी 10 पासून 30 पर्यंत, अर्ध्या-अर्ध्या डायऑप्टरच्या फरकानं, प्रत्येक पॉवरची सारखीच भिंगं उचलली. डॉक्टरनं कुठलाही आकडा सांगावा आणि तो आपल्याकडे असावा, ही ऐट. बहुतेक डोळ्यांना विशीच्या आसपासचंच भिंग लागतं, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. 20, 21, 22 बघता बघता संपली; 11 आणि 30 च्या डब्या कपाटात तशाच. चपलांच्या दुकानात चार नंबरपासून बारापर्यंत सारखेच जोड कुणी भरत नाही, एवढं शाळकरी पोरालाही कळतं. भिंगाच्या निर्जंतुक पाकिटावर मुदत छापलेली असते, आणि ती उलटली की माल रद्दी.

स्वस्त भिंगांबद्दलची माझी बडबड मात्र निव्वळ पोटभरू होती. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या लोकांनी 1992 मध्ये ऑरोलॅब काढली आणि परदेशी भिंगांच्या किमतीच्या अगदी लहानशा अंशात भिंग द्यायला सुरुवात केली, हे मला ठाऊक होतं. तरी मी डॉक्टरांना सांगत फिरायचो, "साहेब, शिबिराचा माल तो. तुमच्या नावाला शोभणार नाही." ते भिंग मी एकदाही सूक्ष्मदर्शकाखाली धरून पाहिलेलं नव्हतं. एका धर्मादाय रुग्णालयातल्या वयस्कर डॉक्टरांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अहो, सरकार आम्हाला एका ऑपरेशनमागे साडेसातशे रुपये देतं. त्यात भिंग, टाके, औषधं, पेशंटचं जेवण आणि आणण्या-नेण्याची गाडी. आता सांगा, तुमचं भिंग कुठे बसवू?" त्या काळी संस्थांना मिळणारं अनुदान खरोखर तेवढंच होतं. ते माहीत नसताना मी शिबिरांच्या भागात धंदा मांडून बसलो होतो.

पण जी गोष्ट अजून टोचते ती मोतीबिंदू काढायच्या फेको मशीनची. एका तालुक्याच्या गावात नवा दवाखाना घातलेल्या तरुण डॉक्टरला मी ते विकलं. त्यानं बँकेचं कर्ज काढलं. बिनटाक्याचं ऑपरेशन म्हणून गावात बोर्ड लावा, असा सल्लाही मीच दिला. वास्तविक तो आधी हातानं जे लहान छेदाचं ऑपरेशन करायचा, त्यातही टाका बहुधा लागत नाही. छेद फेकोपेक्षा मोठा असतो, पण सरावलेल्या हाताला काही मिनिटं पुरतात आणि यंत्र लागतच नाही. आपल्या देशात लाखो गरिबांना दृष्टी परत मिळाली ती बरीचशी याच पद्धतीनं. म्हणजे त्याच्या हातात जे आधीच होतं त्यासाठी मी त्याला कर्ज काढायला लावलं. फेको वाईट नाही. छेद लहान, घडीचं भिंग बसतं, नजर लवकर स्थिरावते. पण घडीच्या भिंगाचे पैसे देणारा पेशंट त्या गावात किती, हे मी पाहिलं नव्हतं.

शिवाय ते भारनियमनाचे दिवस. यूपीएस आणि स्टॅबिलायझरचा खर्च मी कोटेशनमध्ये धरला नव्हता, किंमत कमी दिसावी म्हणून. दर ऑपरेशनला लागणाऱ्या टिप, स्लीव्ह, कॅसेटचा विषय त्यानं काढला की मी भिंगाकडे वळायचो. डेमो डॉक्टरला दिला, ओटीतल्या सिस्टरला नाही. एका सकाळी यादी मोठी होती, तिनं ऑटोक्लेव्हमधून काढलेला फेकोचा गरम हँडपीस लवकर निवावा म्हणून गार पाण्यात बुडवला. आतले स्फटिक तडकले. तिची चूक नव्हतीच. तिला हे सांगणं माझं काम होतं. डॉक्टरनं एएमसीचा, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचा, कागद काढला. हँडपीस त्यात धरलेला नाही, ही ओळ खालच्या बारीक अक्षरांत होती. मी विकताना "सगळं त्यात आलं" म्हणालो होतो. तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं. त्यानं पेशंटची यादी पुढे ढकलली आणि जुन्या पद्धतीनं ऑपरेशनं सुरू केली. हप्ते चालूच राहिले. नव्या हँडपीसचे अर्धे पैसे मी भरले, पण त्या दवाखान्यातून मला पुन्हा ऑर्डर आली नाही, आणि आजूबाजूच्या तालुक्यांतूनही बराच काळ नाही. आमच्या धंद्यात डॉक्टर एकमेकांशी फार बोलतात.

कागदपत्रांतही मी ढिला. डोळ्यात बसवायची भिंगं 2005 पासून औषधांच्या कायद्याखाली आली होती. ती विकायला परवाना लागतो हे मी दुसऱ्या विक्रेत्याकडून, तेही चहा पिताना, ऐकलं.

एवढं झाल्यावर शहाणपण आलं असेल, असं वाटेल. अलीकडे मी हातात धरायचे फंडस कॅमेरे घेतले. बंगळूरच्या कंपन्या चांगले बनवतात. मधुमेह तपासणाऱ्या फिजिशियनांनी डोळ्याच्या पडद्याचा फोटो जागीच काढावा, असा बेत. फोटो उत्तम येत. पडदा बिघडलेला दिसला तर लेसर किंवा इंजेक्शनसाठी पेशंटला शहरात पाठवावं लागे, आणि दिसतंय ना अजून, मग कशाला, म्हणून तो जात नसे. फोटोचे वेगळे पैसे द्यायलाही कुणी तयार नसे. डॉक्टरांनी कॅमेरे सौजन्यानं परत केले. आता सोलापूरच्या एका रेटिना सर्जनशी बोलणं चालू आहे: फोटो त्यांनी तपासायचे, महिन्यातून एक दिवस लेसर घेऊन इकडे यायचं. प्रवासाचा खर्च कोणी करायचा, यावर गाडी अडलीय.