सूर्यानंतर रोहिणी

एप्रिलच्या अखेरीस वर्सोव्याच्या किनाऱ्यावर सूर्य बुडाला की गर्दी पाठ फिरवते. फोटो काढून झालेले असतात, भेळ संपलेली असते. पाऊण तास थांबलं, तर पश्चिमेलाच एक नारिंगी ठिपका दिसू लागतो. शहराच्या उजेडालाही तो दबत नाही. ही रोहिणी. सूर्य बुडतो जवळजवळ त्याच जागी, दोनेक तासांनी, तीही समुद्रात उतरते.

क्षितिजाजवळ सगळेच तारे लालसर दिसतात, हे खरं. पण रोहिणी डिसेंबरात डोक्यावर असतानाही नारिंगीच असते. ती तांबडा राक्षसी तारा आहे. सूर्याच्या सुमारे 45 पट रुंद, वस्तुमान मात्र सूर्यापेक्षा थोडंच जास्त. अंतर सुमारे 65 प्रकाशवर्षं. म्हणजे आज दिसणारा तिचा उजेड निघाला तेव्हा महाराष्ट्र राज्य नुकतंच जन्मलं होतं.

ताऱ्याचं म्हातारपण मोठं विचित्र. गाभ्यातला हायड्रोजन संपतो आणि तारा विझायच्या ऐवजी भडकतो. गाभा आपल्याच भाराने आकसतो, आकसल्याने तापतो. मग भोवतीच्या थरातला हायड्रोजन पूर्वीपेक्षा जोरात जळू लागतो. बाहेरचे थर फुगत जातात, फुगता फुगता निवतात, म्हणून हा तांबूसपणा. एकूण तेज मात्र सूर्याच्या चारशे पटींहून अधिक. सुमारे 500 कोटी वर्षांनी आपल्या सूर्याचंही हेच होणार. म्हणूनच आज वर्सोव्याला एकाच संध्याकाळी, एकाच दिशेला, सूर्य आणि सूर्याचं म्हातारपण असे दोन अस्त पाहायला मिळतात, तेही फुकट.

प्रसिद्धी मात्र आर्द्रेला. 2019 च्या अखेरीस हा महाराक्षसी तारा मंदावू लागला, फेब्रुवारी 2020 पर्यंत त्याचं तेज जेमतेम एकतृतीयांशावर आलं, आणि आता स्फोट होणार म्हणून जगभर बातम्या झाल्या. निघाला ताऱ्यानेच बाहेर टाकलेला धुळीचा ढग! रोहिणीच्या वाट्याला असलं नाट्य नाही. ती बाहेरचे थर हळूहळू अवकाशात सोडून देईल आणि मागे पृथ्वीएवढा, अतिशय घट्ट असा श्वेत बटू उरेल. सूर्याचंही तेच.

या श्वेत बटूंचं गणित याच अरबी समुद्राने पाहिलं आहे. 31 जुलै 1930 रोजी एकोणीस वर्षांचा सुब्रह्मण्यन चंद्रशेखर मुंबईहून बोटीने इंग्लंडला निघाला. ऐन पावसाळ्यातला समुद्र. वर्सोव्याच्या होड्या आजही त्या दिवसांत किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. त्या प्रवासात त्याने आकडेमोड केली आणि श्वेत बटूच्या वस्तुमानाला मर्यादा असते, हे त्याला दिसलं. आज ती सूर्याच्या सुमारे 1.4 पट मानतात. त्यापलीकडचा गाभा स्वतःचा भार पेलूच शकत नाही. केंब्रिजच्या खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टनने 1935 साली भरसभेत या निष्कर्षाची टिंगल केली. चंद्रशेखरला नोबेल मिळालं 1983 साली. बोटीवरचे ते आकडे तेव्हा 53 वर्षांचे झाले होते.