एकेरी मार्गावरचे दोन आज्ञाधारक चालक

ट्रेन्झ हा रेल्वेचा संगणकावरचा खेळ मी काही वर्षांपासून फावल्या वेळात खेळतो. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहरात तो तयार झाला, पहिली आवृत्ती २००१ सालची. रूळ, स्टेशनं, डोंगर, बोगदे सगळं आपणच उभं करायचं आणि मग त्यावर गाड्या सोडायच्या. एक गाडी आपल्याला स्वतः चालवता येते. बाकीच्या गाड्यांवर संगणकाचे चालक असतात. मला खरा रस त्यांच्याकडून काम करून घेण्यात आहे.

प्रत्येक चालकाला हुकुमांची एक रांग द्यावी लागते. अमक्या खुणेपर्यंत जा, डबे जोड, कोळसा भर, थोडा वेळ थांब, तमक्या स्टेशनात जाऊन रिकामा कर. हुकूम संपेपर्यंत चालक निमूटपणे काम करत राहतो. तांबडा सिग्नल दिसला की थांबतो. वाटेतला सांधा उलटा असेल आणि मोकळा असेल, तर आपल्या सोयीने फिरवूनही घेतो. कंटाळा नाही, कुरकुर नाही.

पण त्याला फक्त स्वतःचं मुक्कामाचं ठिकाण माहीत असतं. समोरून कोण येतंय, त्याला कुठे जायचंय, याच्याशी त्याचं देणंघेणं नसतं. दुपदरी मार्गावर याने काही बिघडत नाही. जाणारा एका रुळावरून जातो, येणारा दुसऱ्यावरून येतो. खरी परीक्षा एकेरी मार्गावर होते.

मी कोकणातला, म्हणून मी मार्गही तसाच बांधला: एकच रूळ, आणि मध्ये स्टेशनांवर गाडी बाजूला घ्यायला लूप लाईन. नव्याने खेळणाऱ्या बहुतेकांना वाटतं की सिग्नल जितके जास्त तितकं बरं. म्हणून दोन स्टेशनांच्या मधल्या एकेरी रुळावरही ते दोन्ही दिशांना सिग्नल लावतात. मग इकडचा चालक पुढचा टप्पा मोकळा बघून निघतो, तिकडचाही तसाच निघतो. मधोमध दोघे समोरासमोर येतात. दोघांपुढे तांबडा सिग्नल. दोघेही नियमाप्रमाणे थांबतात आणि थांबूनच राहतात. टक्कर होत नाही, पण वाटही सुटत नाही. मागून येणाऱ्या गाड्या त्यांच्या पाठीमागे तुंबत जातात.

अशा वेळी चूक कोणत्या चालकाची, असं विचारलं तर उत्तर मिळत नाही. दोघांनी हुकूम पाळला, दोघांनी सिग्नल पाळला. चूक मांडणीत आहे. उपाय सोपा असतो. एकेरी रुळावरचे मधले सिग्नल काढायचे, फक्त स्टेशनांच्या तोंडाशी ठेवायचे, आणि जाणाऱ्याने कोणत्या लूपमध्ये शिरायचं, येणाऱ्याने कोणत्या, हे आधीच ठरवून द्यायचं. चालक तेच राहतात, गाड्या धावू लागतात.

खऱ्या रेल्वेने हे फार पूर्वी ओळखलं. भारतात अनेक एकेरी मार्गांवर नीलचं टोकन यंत्र असायचं. दोन शेजारच्या स्टेशनांत विजेने जोडलेली दोन यंत्रं, त्यात धातूचे गोळे. एका यंत्रातून गोळा बाहेर निघाला की तो यंत्रात परत जाईपर्यंत दोन्हीकडून दुसरा निघत नाही. गोळा ज्या ड्रायव्हरच्या हाती, त्यालाच त्या रुळावर जायची मुभा. ड्रायव्हर सज्जन आहे की हट्टी, अनुभवी आहे की नवखा, हे यंत्र विचारत नाही.

हे सगळं मांडावंसं वाटलं ते गावामुळे. अब्बांचे दोन चुलतभाऊ, माझे चाचा, नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. भांडण दोन घरांमधल्या पाखाडीचं आहे. ईदच्या नमाजला दोघे येतात आणि वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडतात. दोघेही भले माणूस. एकाला मुंबईहून मुलगा फोनवर बजावतो, दुसऱ्याला कुवेतहून जावई: एक फूटही मागे सरू नका. दोघे आपापला हुकूम पाळतात. 'माझं काय चुकलं ते सांग,' असं दोघेही मला म्हणाले आहेत, आणि मला दोघांनाही उत्तर देता आलेलं नाही. गेल्या पावसाळ्यात धाकट्या चाची आजारी पडल्या. पाखाडी दगड टाकून बंद होती. त्यांना खुर्चीत बसवून, भर पावसात, मागच्या चढाने रस्त्यापर्यंत न्यावं लागलं.

जमातीच्या बैठकांत आजवर एकच प्रश्न घोळवला गेला: बरोबर कोण? तो कोर्टात आहे, कोर्ट ठरवेल. जमातीने ठरवायची गोष्ट वेगळी आणि लहान आहे. निकाल लागेपर्यंत दगड बाजूला होतील, वाट दोघांनाही वापरता येईल, आणि त्यामुळे कोणाचाही हक्क वाढला किंवा घटला असं धरलं जाणार नाही. हे कागदावर लिहावं, दोघांच्या सह्या घ्याव्यात आणि कागद दोघांपैकी कोणाकडेही न देता जमातीकडे ठेवावा.

मोठ्या चाचांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, 'आधी त्याला सही करू दे.' धाकटे चाचाही हेच म्हणणार, हे मला माहीत आहे. म्हणून दोघांनी एकाच बैठकीत, एकाच वेळी सही करावी असं मी जमातीला सुचवलं आहे.

कोकण रेल्वेने जाणाऱ्या प्रत्येकाने क्रॉसिंगला थांबलेली गाडी अनुभवली आहे. कधी मालगाडी लूपमध्ये मावत नाही इतकी लांब असते, तेव्हा एक्स्प्रेसलाही तिच्यासाठी बाजूला उभं राहावं लागतं. डब्यातले लोक खाली उतरतात, चहा पितात, घड्याळ बघतात. थांबलेल्या गाडीचा कोणी पराभव मोजत नाही. समोरची गाडी निघून गेली की हिलाही सिग्नल मिळतो.