चौदा पाऊण साडेदहा

कोल्हापूरहून समुद्र काही फार दूर नाही. मलकापूर ओलांडून आंबा घाट उतरला, साखरपा, पाली, हातखंबा मागे पडले की रत्नागिरी. अंतर सुमारे 130 किलोमीटर. तरीही गुळाची अडत चालवणाऱ्या त्या घरातून केवळ समुद्र पाहण्यासाठी कोणी गेल्याचे कोणालाच आठवत नव्हते. व्यापारी घरांत प्रवास घडतो तो वसुलीसाठी, लग्नकार्यासाठी किंवा तीर्थवंदनेसाठी. नुसते पाणी पाहायला सबंध दिवस खर्चावा, ही कल्पना सुनेची होती.

नऊ महिन्यांत तिने घराकडे मागितलेली ती पहिलीच गोष्ट. तिची मुलगी बत्तिसाव्या आठवड्यात, म्हणजे दिवस भरण्याच्या आठ आठवडे आधी जन्मली. वजन 1450 ग्रॅम. पहिले काही आठवडे रुग्णालयाच्या काचेआड गेले. पुढे डॉक्टरांनी बाळाला उघड्या छातीशी धरून ठेवण्यास सांगितले; तान्ह्या जिवाला ऊब मिळते ती तशीच. आई थकली की आजी बसत. लुगड्याच्या पदराखाली मुठीएवढे डोके, आणि ओठांत णमोकार मंत्र. घरी आल्यावर दर रविवारी सकाळी आजोबा बाळाचे वजन करीत आणि रोजकीर्दीच्या शेवटच्या पानांवर आकडा मांडीत. एका रविवारी 40 ग्रॅमची घट निघाली, तेव्हा सौद्याला जाऊनही त्यांचे लक्ष लागले नव्हते.

या काळजीत मुलीच्या आईकडे पाहायचे राहूनच गेले होते. ती कामे सगळी करी, बोलणे मात्र कमी झाले होते. माघात डॉक्टरांनी प्रवासाला हरकत नाही म्हटल्यावर ती एवढेच म्हणाली, “अण्णा, एकदा हिला समुद्र दाखवून आणू या का?” आजोबांनी पत्नीकडे पाहिले. आजींनी पंचांग काढले. रविवारी चतुर्दशी होती. म्हणजे हिरवी भाजी नाही, आणि जेवण नेहमीप्रमाणे सूर्यास्तापूर्वी. “जायचं तर जाऊ,” त्या म्हणाल्या, “पण पाण्यात नाही उतरवायचं लेकराला.”

दशम्या, शेंगांची चटणी, वाटली डाळ, उकळून गार केलेल्या पाण्याचे दोन थर्मास असा सरंजाम घेऊन गाडी साडेसहाला निघाली. आंबा घाटातल्या वळणांवर बाळाला उलटी झाली. गाडी कडेला घेतली. “परत फिरू या,” आजोबा म्हणाले. मुलाने काहीच न सुचून सुकाणूवर हात तसाच ठेवला. सुनेने बाळाचे तोंड पुसले, अंगावर घेतले, आणि मान वर न करता म्हणाली, “पाच मिनिटं थांबू. मग पुढंच जाऊ.” तिचा तो स्वर घरात कित्येक महिन्यांनी ऐकू आला होता. कोणी वाद घातला नाही.

भाट्याच्या किनाऱ्यावर ते पोहोचले तेव्हा दहा वाजून गेले होते, आणि पाहतात तो काय, समुद्र जवळजवळ सुरूच्या बनापर्यंत आलेला. पुळण म्हणून जेमतेम पट्टा उरला होता. लाटांच्या आवाजाने बाळ दचकून रडू लागले. आजींनी तिला पदराखाली ओढून घेतले आणि बनाच्या सावलीतून उठायला त्या तयार होईनात. एवढ्यासाठी का आलो, असा प्रश्न प्रत्येकाच्या चेहऱ्यावर होता.

शहाळी विकणारा एक वृद्ध गृहस्थ हे पाहत होता. “आजची तिथी बघून आलात नाय वाटतं,” तो म्हणाला. तिथी तर पाहिली होती, पण भाजीसाठी! त्याने कोकणातला जुना हिशोब सांगितला: तिथीची पाऊणपट करावी, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. आणि तेथून सहा तासांनी ओहोटी. आजोबांच्या तोंडून तत्काळ बाहेर पडले, “चौदा पाऊण साडेदहा!” लहानपणी वडिलांनी छडी घेऊन पाठ करून घेतलेली पाऊणकी उभ्या आयुष्यात तागडीपलीकडे कोठे उपयोगी पडली नव्हती. त्यांनी घड्याळ पाहिले. साडेदहाला पाच मिनिटे कमी होती. अष्टमीला किती, पौर्णिमेला किती, असे करीत ते त्या गृहस्थाशेजारी जे बसले ते तासभर उठले नाहीत.

दुपार बनातच गेली. आजी आडोसा धरून उभ्या राहत आणि सून बाळाला पाजी. मग त्या दोघी झोपल्या. आजींनी कोणाला उठवू दिले नाही. मुलाचा फोन दोनदा वाजला, तो त्यांनी त्याच्याकडून काढून स्वतःच्या पिशवीत टाकला.

चार वाजून गेल्यावर समुद्र दूर सरकला होता. ओल्या, घट्ट वाळूचे विस्तीर्ण मैदान मोकळे झाले. त्यावर बारीक बारीक गोळ्यांची नक्षी होती, मधोमध छिद्रे. खेकड्यांची बिळे ती. आजी पाऊल टाकण्यापूर्वी वाकून पाहत, वळसा घालून चालत. बाळ मात्र त्यांच्याच कडेवर होते, कारण सुनेकडे द्यायला त्या राजी नव्हत्या. पाण्याच्या कडेशी येऊन त्या थबकल्या. एक पातळ लाट त्यांच्या पावलांवरून गेली, लुगड्याचा काठ भिजला.

“कोमट आहे गं,” त्या सुनेला म्हणाल्या. मग खाली बसल्या आणि नातीचे पाऊल आपल्या हाताने पुढच्या लाटेत धरले. मुलीने पाय आखडून घेतला. पुन्हा लांब केला. सून हसली, आवाज करून हसली.

साडेपाचला बनात बसून सर्वांनी जेवून घेतले. परतीच्या वाटेवर पालीच्या पुढे अंधार झाला, तेव्हा आजोबांना आठवले, “अरे, आज रविवार. वजन राहिलं.”

“उद्या करा,” आजी म्हणाल्या. “आणि पाय नीट धुऊन करा, नाहीतर वाळूचंच वजन मांडाल.”