खोकला आणि पांढरा घोडा

सबमिशनच्या आठवड्यात खोकला होणं हा आपल्या हॉस्टेलचा अलिखित नियमच आहे! यंदा माझा नंबर लागला. रूममेटने गरम पाणी हातात दिलं आणि मला आमच्या कॉन्व्हेंटमधल्या म्हाताऱ्या आयरिश सिस्टर आठवल्या.

वर्गात कोणी खोकलं की त्या आपल्या गावाकडची औषधं सांगायच्या. तिथे समुद्रकाठच्या खडकांवर कॅरागीन नावाचं लालसर शेवाळ मिळतं. ते वाळवून दुधात उकळायचं आणि प्यायचं. नेटलचं पान लागून आग झाली, की डॉक नावाच्या झाडाचं पान चोळायचं. आणि डांग्या खोकला? पांढऱ्या घोड्यावरून जाणाऱ्या माणसाला उपाय विचारायचा. तो सांगेल तेच औषध! आम्ही हसून हसून लोळायचो. सिस्टरही हसायच्या.

मागच्या महिन्यात वाचलं, की १९३७ ते १९३९ या काळात आयर्लंडमधल्या शाळकरी मुलांना घरच्या म्हाताऱ्यांना विचारून अशा गोष्टी वहीत लिहायला सांगितलं होतं. सुमारे पन्नास हजार मुलांनी ते केलं! त्या वह्या आज डब्लिनच्या विद्यापीठात जपून ठेवल्या आहेत.

आता सगळंच खरं होतं असं मी म्हणत नाही. पांढरा घोडा काही कुठल्या लॅबमध्ये पास झालेला नाही. डांग्या खोकल्याला लसच हवी. पण उत्तर आयर्लंडमधल्या बोहो गावचे लोक दातदुखीवर चर्चच्या आवारातली माती फडक्यात बांधून उशाशी ठेवत. २०१८ मध्ये त्या मातीत एक जिवाणू सापडला. अँटिबायोटिक्सना दाद न देणारे काही जंतू तो लॅबमध्ये रोखतो. म्हणजे तपासायला आधी कोणीतरी लक्षात ठेवायला हवं ना?

माझी आजी खोकल्यावर काढा करायची. मी नाक दाबून प्यायचे, कधी बेसिनमध्ये ओतायचे. गेल्या दिवाळीआधी आजी गेली. परवा आईला फोन करून विचारलं, "आजीच्या काढ्यात काय काय असायचं गं?" ती म्हणाली, "आलं, गवती चहा... आणि अजून काहीतरी. मीच कधी विचारलं नाही बघ."

वर्कशॉपचं जर्नल मी दोनदा उतरवून काढलं. आजीचा काढा मात्र एकदाही लिहून घेतला नाही.

तुमची आजी असेल, तर या सुट्टीत वही घेऊन बसा.