ब्रदरांची मराठी

मनुष्याची पन्नाशी उलटली की त्यास दुसऱ्यास शिकविण्याची खोड जडते, असे म्हणतात. आम्ही तर पोटासाठीही तोच धंदा पत्करलेला. म्हणून रामवाडीच्या सेमिनरीतील काही विद्यार्थ्यांस आठवड्यातून एकदा मराठी शिकवाल काय, अशी विचारणा झाली, तेव्हा आम्ही आढेवेढे न घेता होकार दिला. ही पेपल सेमिनरी तेराव्या लिओ पोपांनी १८९३ साली सिलोनात कँडी येथे स्थापिली. १९५५ साली ती पुण्यास आली. धर्मगुरू होऊ इच्छिणारे तरुण तेथे देशाच्या नाना प्रांतांतून येतात. लोक त्यांस ‘ब्रदर’ म्हणतात.

आमच्या डोक्यात होते फादर स्टीफन्स. हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आला आणि १६१६ साली राचोल येथे त्याचे ‘क्रिस्तपुराण’ मराठी ओव्यांत छापून निघाले. आपल्या वर्गातून असाच एखादा निघेल, ही आमची भाबडी आशा! विद्यार्थ्यांस मात्र हवी होती निराळीच वाक्ये : ‘ताप किती दिवस आहे?’ ‘रेशनकार्डावर नाव आहे का?’ रोमच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली ठरविले की, धर्मगुरूची विद्या नुसती ग्रंथांतून यावयाची नाही. शिकत असतानाच लोकांत जाऊन ती अंगी बाणवावी. त्यामुळे रविवारी कोणी रुग्णालयात, तर कोणी वस्तीत जात असे.

त्यांत झारखंडचा एक उराव तरुण होता. मातृभाषा कुडुख, मराठी ही त्याची चौथी भाषा. ‘तुमची मुलगा’ हे त्याचे ठरलेले वाक्य! आम्ही ते तांबड्या शाईने खोडीत असू, आणि पुढील आठवड्यात ते पुन्हा अवतरे.

धर्मांतराचा संशय आमच्याही मनात होता. तो लपविण्यात अर्थ नाही. एकदा आम्ही त्यास सरळच विचारले, तेथे जाऊन आपण करता तरी काय? तो म्हणाला, “सर, मी अजून फादर झाला नाही. मिस्सा मला सांगता येत नाही. मला फक्त बसायला पाठवतात. मग काय बघितला ते लिहायचा, आणि सगळ्यांसमोर वाचायचा.” या उत्तराने संशय पुरता फिटला नाही. म्हणून एका रविवारी आम्हीच त्याच्याबरोबर येरवड्याच्या वस्तीत गेलो.

गल्ली इतकी अरुंद की छत्री मिटून चालावे लागले. एका दाराशी तो थांबला. आत विठोबाची तसबीर, तिच्याखाली खाटेवर विशीतला एक मुलगा पडलेला, आणि चुलीपाशी उभी होती ती आमच्या घरी अकरा वर्षे भांडी घासावयास येणारी बाई!

कोण अधिक ओशाळले हे सांगता येणार नाही. तिने घरातील एकुलती एक खुर्ची पुसून आमच्यापुढे केली. ब्रदर नित्याप्रमाणे जमिनीवर बसला असावा. कारण त्याच्यासाठी तिने काहीच पुसले नाही. “तुमची मुलगा कसा आहे?” त्याने विचारले. बाई हसली नाही की तिने त्यास सुधारले नाही. बांधकामावरून पडल्याला दोन वर्षे होऊन गेली, कमरेखाली अजून जीव नाही, असे ती सांगू लागली. सांगत होती त्यास, आणि ऐकत होतो आम्ही. दोन वर्षे! एवढ्या काळात तिने केलेल्या खाड्यांची मोजदाद मात्र आमच्या घरी दिनदर्शिकेवर बिनचूक होती.

ब्रदर तासभर बसला. प्रार्थना नाही, उपदेश नाही. मुलाच्या पाठीखालची उशी त्याने दोनदा सारखी केली. आमच्या तोंडून, जन्मभर मराठीवर पोट भरलेल्या मनुष्याच्या तोंडून, एक वाक्य निघेना.

दुसऱ्या दिवशी बाई वेळेवर आली. आमच्या कुटुंबाने मुलाची चौकशी केली. “बराय,” एवढेच बोलून तिने मोरीतली भांडी पुढे ओढली. त्या आठवड्याच्या वहीत ‘तुमची मुलगा’ पुन्हा आले होते. आम्ही तांबडी दौत उघडली आणि बराच वेळ तशीच ठेवली.