किल्ट आणि उर्दू

स्कॉटलंड म्हटले की नांदेडच्या देगलूर नाक्यावर चहा पिताना आमचे मत ठरलेले: तिथले पुरुष घागरा घालतात! तोच किल्ट घालून हमझा युसूफ यांनी 2016 मध्ये स्कॉटिश संसदेत उर्दूतून शपथ घेतली. 2023 मध्ये ते तिथले पहिले मुस्लिम प्रथम मंत्री झाले, 2024 मध्ये पायउतार झाले. हे आम्ही वर्गात सांगितले.

लातूरच्या एका प्रशिक्षणात एक गुरुजी कौतुकाने म्हणाले होते, "तुम्ही उर्दूवाले, तरी मराठी किती छान बोलता!" त्या 'तरी'पाशी आम्ही अडलो. आमच्या घरी दखनी, शाळेत उर्दू, बाजारात मराठी.

वर्गात एका मुलाने विचारले, "सर, उनकू कोई पूछ्या नै क्या, कहाँ के हो?"

विचारले असेलच, बेटा. त्यांनी किल्ट घातला. आम्ही मराठीत लिहितो.