एक खाडी, दोन परिच्छेद

आमच्या कोकणात बांधावरून तंटा नाही असे घर सापडणे कठीण. एखाद्या फणसावरून किंवा बांधापलीकडे वाकलेल्या आंब्याच्या फांदीवरून तो सुरू होतो. आजोबा जातात, नातू कोर्टाच्या पायऱ्या झिजवू लागतो, आणि ज्या फणसापायी हे सारे झाले तो केव्हाच चुलीत गेलेला असतो. देशादेशांमधले तंटे याहून भारदस्त कारणांनी होत असतील असे आपण धरून चालतो. पण भारत आणि पाकिस्तान यांच्यामध्ये, कच्छच्या पश्चिम टोकाला, जी सर नावाची खाडी आहे, तिच्यावरचा तंटा चक्क सरपणावरून निघाला. खाडीच्या काठी पडलेल्या जळाऊ लाकडांवर हक्क कोणाचा, कच्छच्या रावांचा की सिंध प्रांताचा, असा प्रश्न १९०८ च्या सुमारास उभा राहिला. ती लाकडे शेवटी कोणाच्या चुलीत गेली कोण जाणे! प्रश्न मात्र शंभरावर वर्षे धुमसतो आहे.

खाडी म्हटली की मुंबईकराच्या डोळ्यांपुढे ठाण्याची नाही तर वसईची खाडी येते. पूल, त्यावरून धडधडत जाणारी गाडी, काठावरची गावे. सर खाडीवर यांतले काही नाही. सुमारे ९६ किलोमीटर लांबीचा हा खाऱ्या पाण्याचा पट्टा. दोन्ही काठांना चिखल, तिवरांची खुरटी झाडी आणि त्यामागे रणाची खारवट, पांढरी सपाटी. जमीन कोठे संपते आणि पाणी कोठे सुरू होते हे भरती एक सांगते आणि ओहोटी दुसरेच सांगते. त्यातून खाडीला एका जागी स्वस्थ बसण्याची सवय नाही. वर्षानुवर्षे ती हळूहळू कूस बदलत असते. पाण्यावर रेघ ओढणे हा आपण निरर्थकपणाचा नमुना म्हणून सांगतो. येथे दोन राष्ट्रे तेच काम गंभीरपणे करीत आहेत.

मी मराठीचा प्राध्यापक. आंतरराष्ट्रीय कायद्याचा आणि माझा संबंध वर्तमानपत्रापुरता. तरीही मी या खाडीत उतरलो, त्याला दोन कारणे झाली. त्यांतले पहिले कारण आमच्या धंद्यातले, म्हणजे वाक्यांच्या अर्थाचे आहे.

सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचा भाग होता. साहजिकच राव आणि सिंध यांच्यातला हा वाद मुंबई सरकारपुढे आला आणि २४ फेब्रुवारी १९१४ रोजी सरकारने ठराव करून तो मिटवला. निदान तशी त्याची समजूत होती. ठरावासोबत एक नकाशा जोडला होता आणि त्या नकाशात खाडीच्या पूर्व काठाने एक हिरवी रेघ ओढलेली होती. भांडण आहे ते या ठरावाच्या नवव्या आणि दहाव्या परिच्छेदांचे. नवव्याचा आधार ती हिरवी रेघ. ती खरी मानली तर सगळी खाडी सिंधची, म्हणून आज पाकिस्तानची. दहाव्या परिच्छेदात मात्र, खाडी आपला मार्ग बदलत असल्यामुळे, जहाजे जाऊ शकतील अशा प्रवाहाचा मध्य ही हद्द समजावी असा आशय येतो. तो धरला तर अर्धी खाडी कच्छची, म्हणून आज भारताची. पाकिस्तानचे म्हणणे, नकाशा पाहा. भारताचे म्हणणे, पुढचा परिच्छेद वाचा. आणि शिवाय १९२५ चा नकाशा पाहा, त्या सुमारास मध्यप्रवाहात रोवलेले खांब पाहा. यावर पाकिस्तानचे उत्तर असे की, प्रवाहाच्या मध्याचा नियम नौका चालतील अशा पाण्याला लागू, आणि ही खाडी तर नौका चालण्याजोगीच नाही. भारत म्हणतो, भरतीच्या वेळी येऊन पाहा, मच्छिमारांच्या नौका आत जातात की नाही!

पेशवाईत एका अक्षराने राज्य हादरले होते असे आपण ऐकत आलो आहोत. ‘ध’ चा ‘मा’ झाला आणि नारायणरावांचा जीव गेला. ती कथा कितपत खरी हे इतिहासकारांनी पाहावे. पण तेथे निदान कोणीतरी अक्षर बदलले होते. या ठरावात कोणी काना-मात्रासुद्धा बदललेली नाही. आपापल्या सोयीचा परिच्छेद मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याचा मनात वाचायचा, एवढेच काय ते. परीक्षेत आमचे विद्यार्थी हेच करतात, त्यांना आम्ही गुण कापतो.

एवढ्याशा चिखलासाठी एवढा हट्ट कशाला, असे वाचकांना वाटेल. त्याचे उत्तर चिखलात नाही, समुद्रात आहे. १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारापासून किनाऱ्यालगतच्या राष्ट्राला २०० सागरी मैलांपर्यंतच्या मासळीवर, तेलावर आणि वायूवर हक्क मिळतो. दोन शेजारी राष्ट्रांची सागरी हद्द जेथून निघते तो खाडीच्या मुखावरचा बिंदू. तो थोडा पूर्वेला किंवा थोडा पश्चिमेला सरकला, की पुढे समुद्रात ती रेघ कोठच्या कोठे जाते. सरपणावरून निघालेली गोष्ट अशी तेलापर्यंत पोचली.

दुसरे कारण माझ्या वर्गात, तिसऱ्या बाकावर बसत असे. मुलगा तलासरीकडचा, वारली. अक्षर सुरेख, हजेरी बेताची. एकदा सलग पंधरा दिवस दिसला नाही, म्हणून आल्यावर त्याला खोलीत बोलावले.

“घरी कोणी आजारी होते का?”

“नाही सर. बाबा कराचीत आहेत.”

“कराचीत? कामाला?”

“तुरुंगात, सर.”

पालघर जिल्ह्यातली पुष्कळ माणसे गुजरातच्या मासेमारी नौकांवर खलाशी म्हणून जातात, हे मुंबईत फारसे कोणाला माहीत नसते. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा मालकाकडून उचल घ्यायची, नारळी पौर्णिमा झाली की ओखा, पोरबंदर, वेरावळ गाठायचे, आणि उन्हाळा संपेपर्यंत ती उचल अंगमेहनतीने फेडायची. याचे बाबा असेच गेले होते. मासळीच्या मागे नौका पश्चिमेला सरकत गेली आणि पाकिस्तानच्या गस्ती बोटीने ती माणसांसकट ओढून नेली. तेथल्या न्यायालयाने दिलेली शिक्षा काही महिन्यांचीच होती. पण शिक्षा भोगून झाली म्हणजे माणूस सुटला असे होत नाही. तो भारतीय आहे याची खात्री पटावी लागते, कागद इकडून तिकडे जावे लागतात, आणि दोन्ही सरकारांचे बरे चालले असावे लागते. पहिल्या दोन गोष्टींना महिने लागतात. तिसरीला किती लागतील हे कोणी सांगावे?

२००८ च्या करारानुसार दोन्ही देश दर वर्षी १ जानेवारी आणि १ जुलै या दिवशी एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आकडा येतो. एवढे मच्छिमार, एवढे इतर कैदी. हा मुलगा तो आकडा कापून वहीत चिकटवत असे. आकडा कमी झाला की त्याची आई विचारी, “यात ते असतील का रे?” आणि हा बिचारा काय सांगणार! सिंधकडच्या मच्छिमारांच्या घरीही हेच चालत असणार, कारण तिकडचे मच्छिमार आपल्या तुरुंगांत असतात आणि ती याद्यांची देवघेव दोन्ही बाजूंनी होते.

बाबा सुटले ते जवळजवळ चार वर्षांनी. ओख्याहून कराची समुद्राने किती जवळ आहे ते नकाशात पाहावे. पण सुटका त्या वाटेने होत नाही. कराचीहून लाहोर, लाहोरहून वाघा, वाघ्याला पायी हद्द ओलांडायची, मग अमृतसर, तेथून आगगाडीने गुजरात, आणि मग तलासरी. पुढे मी त्यांच्या घरी गेलो होतो. बोलणे फार नाही; चहा झाला, पावसापाण्याचे झाले. राहवेना म्हणून मी विचारले, “खाडीचा मध्य तुम्हां खलाशांना ओळखता येतो का हो?” त्यांनी माझ्याकडे जरा पाहिले आणि विचारले, “भरतीचा का ओहोटीचा, सर?” दिल्ली आणि इस्लामाबाद येथल्या तज्ज्ञांनी जाडजूड टाचणांत जे मांडले असेल ते या माणसाने तीन शब्दांत आटोपले.

मग हा प्रश्न सुटणार कसा? मुळात सुटू शकतो का? माझे उत्तर होय असे आहे, कारण याच्या शेजारचा, याहून पुष्कळ मोठा प्रश्न एकदा सुटलेला आहे. १९६५ च्या एप्रिलमध्ये कच्छच्या रणात चकमकी झाल्या. ब्रिटनचे पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांनी मध्यस्थी केली आणि वाद तिघांच्या न्यायाधिकरणाकडे सोपवला गेला. अध्यक्ष स्वीडनचे न्यायाधीश लागरग्रेन, भारताने सुचवलेले युगोस्लाव्हियाचे बेब्लर आणि पाकिस्तानने सुचवलेले इराणचे एन्तेझाम. १९ फेब्रुवारी १९६८ रोजी निवाडा झाला. वादातल्या रणापैकी सुमारे नऊ-दशांश भाग भारताकडे राहिला, एक-दशांश पाकिस्तानला मिळाला. तेवढ्यावरूनही आपल्याकडे केवढे रण माजले! संसदेत गदारोळ झाला, कच्छमध्ये सत्याग्रह झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. पण शब्द पाळला गेला, खांब उभे राहिले, आणि रणातली ती हद्द आजही तीच आहे. सर खाडी तेवढी त्या खटल्याबाहेर राहिली. तिच्याविषयी वाद नाही असे तेव्हा दोघांनाही वाटत होते. सुदैव कधी कधी असे हुलकावणी देऊन जाते.

पुन्हा तसाच लवाद नेमावा असे पाकिस्तान म्हणतो. भारताला तिसरा माणूस नको आहे. १९७२ च्या सिमला करारात आपसात मिटवण्याचे ठरले आहे, त्यावर तो बोट ठेवतो. बांगलादेशाच्या बाबतीत मात्र आपण तिसऱ्याचे ऐकले, हेही विसरू नये. बंगालच्या उपसागरातल्या हद्दीचा वाद हेगच्या लवादापुढे गेला, ७ जुलै २०१४ रोजी निकाल लागला, आणि वादातल्या २५,६०२ चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ चौरस किलोमीटर बांगलादेशाला मिळाले. आपण मुकाट्याने मान्य केले. त्या वादात एक बेटही होते. आपण त्याला न्यू मूर म्हणत होतो, ते दक्षिण तालपट्टी म्हणत होते. निकाल लागेपर्यंत ते बेट समुद्रात बुडून गेलेले होते.

सरळ मधोमध वाटणी हा दुसरा मार्ग. कॅनडा आणि डेन्मार्क यांनी हान्स नावाच्या एका उघड्याबोडक्या बेटासाठी वर्षानुवर्षे वाद घातला. आळीपाळीने तेथे आपला झेंडा रोवायचा आणि दुसऱ्यासाठी मद्याची बाटली ठेवायची, अशी त्यांची लढाई! २०२२ मध्ये त्यांनी बेट वाटून घेतले. पण तेथे बाटल्या होत्या. येथे १० ऑगस्ट १९९९ रोजी पाकिस्तानी नौदलाचे विमान याच परिसरात आपल्या हवाई दलाने पाडले आणि त्यातली सोळा माणसे मेली. अशा जागी ‘अर्धे तुझे, अर्धे माझे’ हे बोलायला तोंड कोणाला होणार?

मला स्वतःला पटतो तो तिसरा मार्ग, आणि तो भारतानेच एकदा पुढे ठेवला होता. खाडीपासून समुद्राकडे न जाता समुद्रापासून खाडीकडे यावे. खोल समुद्रातली हद्द आधी ठरवावी, तेथे परिच्छेदही नाहीत आणि चिखलही नाही, आणि मग किनाऱ्याजवळचा वादग्रस्त तुकडा तेवढा शिल्लक ठेवावा. पाकिस्तानला ते पटले नाही. आधी खाडी, मग समुद्र, हा त्याचा हट्ट. तरी २००७ मध्ये दोघांनी मिळून खाडीची पाहणी केली आणि नकाशांची देवघेव केली. आता झालेच, असे तेव्हा जाणकार म्हणू लागले होते. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला. ते दहा जण समुद्रानेच आले होते, आणि त्यांनी वाटेत पकडलेली ‘कुबेर’ ही गुजरातची मासेमारी नौकाच होती. तिच्यावरच्या मच्छिमारांना त्यांनी आधी मारले. समुद्रावर पहारा कडक हवा असे म्हणणाऱ्याला म्हणूनच मी वेड्यात काढणार नाही. मीही याच शहरात राहतो. २०१२ च्या जूनमध्ये दिल्लीत शेवटची फेरी झाली, तीही निष्फळ. २०२५ च्या दसऱ्याला भुजमध्ये संरक्षणमंत्र्यांनी, कराचीची एक वाट या खाडीतून जाते, याची पाकिस्तानला आठवण करून दिली. बोलणी बसवण्याचे हे दिवस नव्हेत हे मलाही दिसते.

पण हद्द ठरेपर्यंत माणसांचे काय, हा प्रश्न हद्दीच्या प्रश्नात गुंडाळून ठेवण्याचे कारण नाही. निःशस्त्र नौका पकडली, तर तपासणी करावी, जाळी आणि मासळी ठेवून घ्यावी हवी तर, आणि माणसांना तेथल्या तेथे, समुद्रातल्या समुद्रात, परत पाठवावे. त्यासाठी नववा परिच्छेदही लागत नाही आणि दहावाही लागत नाही. यात एकाही देशाची एक इंच जमीन जात नाही. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये पालघरचाच एक मच्छिमार गुजरातच्या समुद्रात पाकिस्तानी गस्तीच्या गोळीबारात मेला, तेव्हा चार दिवस वर्तमानपत्रांत बातमी होती. त्या गावच्या बायकांना खाडीच्या मध्याची व्याख्या कोणी विचारली नाही.

माझा विद्यार्थी बी. ए. झाला. परवा स्टेशनवर भेटला, डी. एड. करतो आहे म्हणाला. बाबा कसे आहेत, म्हणून विचारले.

“ओख्याला गेलेत, सर. यंदा पुन्हा उचल घेतली.”

“पुन्हा?”

“मालकाला अट घातलीय त्यांनी. जखौच्या पलीकडे जाणार नाही म्हणून. मालक हो म्हणाला.” गाडी आली तसा तो दाराकडे सरकला आणि मागे वळून म्हणाला, “पण सर, मासळी सगळी जखौच्या पलीकडेच आहे.”